कमोडच्या सीटा आणि कायदेशीर मावशी

थुंगआन, श्यामेन, चीन
४ मार्च २०१९

योस्ट,

आणि फोन कोणाचा होता, माहितेय? थाओ बाईंचा! माझ्या होणाऱ्या विहिणीचा! मी कालवं फोडत बसले होते, हात बरबटलेले, म्हणून उचलायला जरा उशीर झाला. तेवढ्या वेळात त्या बाईच्या कानात रिंगच्या जागी काय वाजलं? "आपण ज्यांना फोन लावत आहात त्यांच्या कंपनीने न्यायालयाचा आदेश पाळलेला नाही. कृपया त्यांना आदेश पाळायला सांगा." एकदा नाही, मी उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा. आणि बाईंनी फोन स्पीकरवर ठेवलेला. जेवायला बसलेलं अख्खं गोत ऐकतंय. मी "हॅलो" म्हटलं तर म्हणतात, "आवाज फार गोड आहे हो तुमच्या कोर्टाचा."

तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हे कागदावर. कागदाला बटण नसतं. तुझ्या त्या माल पाठवणाऱ्या एजंटाला धरलंय, तो म्हणाला पोचवतो. नाही पोचवलं तर त्याच्या दारात बसेन.

थाओ बाईंच्या फोननंतर मी बुलेट ट्रेनचं तिकीट काढायला गेले. वनथिंगचं लग्न अठरा मेला चांगशाला आहे, लेकीच्या लग्नाला आई जाणार की नाही? खिडकीतली पोरगी म्हणते, "मावशी, तुमच्यावर बंदी आहे." मी म्हटलं, नीट बघ, मी कोणाचं काय खाल्लंय? ती म्हणाली, "बुलेट ट्रेन नाही, विमान नाही, तारांकित हॉटेल नाही. कोर्टात जाऊन विचारा." मागे रांगेत उभे असलेले लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी बँक लुटून आलेय आणि पिशवीत भाजी नसून नोटा आहेत.

कोर्टात गेले. तिथे कळलं. तू नववर्षाच्या सुट्टीला म्हणून हॉलंडला गेलास तो गेलासच, आणि म्हाताऱ्या हुंगचं गोडाऊन तुझ्या कमोडच्या सीटांनी छतापर्यंत भरलेलं. भाडेकरार गेल्या वर्षीच संपला होता. हुंगने तेव्हाच दावा लावला. कोर्ट म्हणालं, गोडाऊन रिकामं करून परत द्या. कंपनीने दिलं नाही. मग कंपनीचं मानगूट धरायचं तर कोणाचं धरणार? कायदेशीर प्रतिनिधीचं.

आणि कायदेशीर प्रतिनिधी कोण? फांग आयज्यू. शिक्षण तिसरी पास. पद जनरल मॅनेजर. काम ऑफिसच्या लोकांचा दोन वेळचा स्वयंपाक.

ते लग्न चार तारे असलेल्या हॉटेलात आहे. आईने काय दाराबाहेर उभं राहून आशीर्वाद द्यायचे?

लगेच उत्तर दे.

फांग आयज्यू
जनरल मॅनेजर, स्वयंपाकघर

*

१३ मार्च २०१९

प्रिय फांग मावशी,

तुमचं पत्र एजंटाने पोचवलं. वाचून फार वाईट वाटलं. फोन मुद्दाम बंद केला नव्हता, नंबर बदलला. इकडे आईचा पाय मोडलाय, मी सगळा वेळ हॉस्पिटलात असतो, त्यामुळे कुणालाच कळवणं जमलं नाही.

तुम्ही घाबरू नका. तुमचं नाव फक्त कागदावर आहे. प्रत्येक कंपनीला एक कायदेशीर प्रतिनिधी लागतो, तो मॅनेजर असला की चालतो, म्हणून तेव्हा आपण तसं केलं. कंपनीने काही केलं तर ती कंपनी जबाबदार, माणूस नाही, हे जगभर असंच असतं. ही बंदी म्हणजे कोर्टाची तात्पुरती तंबी आहे.

सीटांना पोलंडचं एक गिऱ्हाईक मिळायच्या बेतात आहे. त्याने माल उचलला की गोडाऊन आपोआप रिकामं होईल. तोवर हुंग साहेबांना थोडं चहापाण्यावर धरून ठेवा, तुमच्या हातची कालवांची पोळी खाऊन कोणाचा राग टिकलाय?

तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा वकील म्हणाला होता की प्रतिनिधी असा माणूस ठेवा जो इथून कुठे जाणार नाही, कारण काही झालं तर त्याला देशाबाहेर जाऊ देत नाहीत. माझी मुलं तेव्हा लहान होती. तुम्ही नेहमी म्हणायचात, "मी मेले तरी श्यामेन सोडणार नाही." म्हणून तुमचं नाव सुचलं. मनात दुसरं काही नव्हतं.

वनथिंगला माझे आशीर्वाद.

तुमचा
योस्ट

*

थुंगआन
२१ मार्च

योस्ट,

"म्हणून तुमचं नाव सुचलं!" वा रे माझ्या शहाण्या.

मला वाटायचं, मी प्रामाणिक म्हणून मला मोठं केलंस. तू त्या दिवशी केक आणलास, सगळ्यांसमोर म्हणालास, "आजपासून फांग मावशी आपल्या मॅनेजर." माझं कार्ड छापून दिलंस. ते कार्ड मी गावी नेलं. चुलत दिरांनी ते देवघरात पूर्वजांच्या पाट्यांशेजारी ठेवलंय! लग्नाकार्यात मला पहिल्या टेबलावर बसवतात, माशाचं डोकं माझ्याकडे करून वाढतात. आणि आता कळतंय की मला मोठं केलं नव्हतं, मला दाराला अडसर म्हणून लावलं होतं. आग लागली तर तू पळायचंस आणि मी जळायचं, कारण मी तशीही कुठे जाणार नाही!

जगभर असंच असतं म्हणे. तू जगात कुठेही धंदा कर, पण कायदा ज्याच्या अंगणात असेल त्याचाच चालतो. इथे कंपनी म्हणजे हवा. हवेचं तिकीट कोर्ट कसं अडवणार? म्हणून ते माझं अडवतं. साधी गोष्ट आहे. तुला चौदा वर्षांत कळली नाही, की कळूनच वळली नाही?

हुंगकडे गेले होते. चहा त्यानेच पाजला, एक संपला की दुसरा, जीभ पोळेपर्यंत. त्याला गोडाऊन का हवंय, सांगू? कागदी वस्तू करायच्यात त्याला. मेलेल्यांना तिकडे मिळाव्यात म्हणून जाळायच्या. कागदी बंगला, कागदी मोटार, कागदी मोबाइल. म्हणतो, "फांग ताई, जिवंत गिऱ्हाईक बुडवतं, तुमच्या गोऱ्यासारखं. मेलेलं कधी तक्रार करत नाही." त्याच्या म्हणण्यात खोट काढायला मला जमलं नाही. मी म्हटलं, मग तुम्हीच सीटा बाहेर फेकून द्या. तर म्हणतो, "मला काय वेड लागलंय? माल कंपनीचा. उद्या तो गोरा येऊन माझ्यावरच उलटा दावा ठोकेल. कंपनीच्या शिक्क्याचा कागद आणा, आजच्या आज फेकतो."

शिक्का तुझ्याकडे. बॅगेत घालून नेलास ना? मी स्वतः पाहिलं, तू माझ्या सुक्या मशरूमचा डबा गुंडाळत होतास, तो त्यातच असणार. मी वेडी, मला वाटलं मशरूम नेतोय.

इकडे थाओ बाईंचा निरोप आलाय. त्यांचे दीर सरकारी हापिसात मोठे आहेत. लग्नात नवरानवरी आईबापाला चहा देतात, तेव्हा त्या खुर्चीवर "बंदी घातलेली बाई" बसलेली चालणार नाही म्हणे. नाव साफ करा, मग खुर्ची. नाहीतर वनथिंगच्या बाजूने फोटो ठेवू, तिच्या बापाचा आहेच, शेजारी तिच्या आईचाही ठेवू.

मी अजून जिवंत आहे, योस्ट.

शिक्का पाठव. आणि गोडाऊन रिकामं करायला हरकत नाही, एवढं सहीनिशी लिहून पाठव. दुसरं काही मागत नाही.

फांग आयज्यू

*

२ एप्रिल २०१९

प्रिय फांग मावशी,

तुमचा राग मी समजू शकतो. पण शिक्का असा टपालाने पाठवता येत नाही. कोणाच्या हातात पडला तर कंपनीच्या नावावर काहीही लिहून घेता येतं. इतक्या वर्षांत एवढं तरी मी तुमच्या देशाकडून शिकलो.

सीटा फेकून देणंही आत्ता बरोबर नाही. पोलंडचा माणूस अजून विचार करतोय. बिजागऱ्या थोड्या चुकीच्या मापाच्या आहेत, झाकण हळू बंद व्हायच्या ऐवजी एकदम आपटतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दुरुस्त होतात.

मी एक मार्ग सुचवू का? चांगशाला साधी, हळू जाणारी गाडीही जाते. तिला बंदी नाही, मी चौकशी केली. आणि हॉटेलात बसायची अडचण असेल तर चहाचा विधी आदल्या दिवशी थाओ बाईंच्या घरी करून घेता येईल. नाहीतर फोनवरून व्हिडिओ लावावा. आजकाल पुष्कळ लोक तसं करतात. लग्न एकदा पार पडलं की पुढे शांतपणे बघू.

आई अजून बरी नाही. आज फार उकडतंय, पंख्याखाली लिहितोय, अक्षर वाईट आलंय, क्षमा करा.

तुमचा
योस्ट

*

थुंगआन
११ एप्रिल

योस्ट,

हॉलंडात एप्रिलमध्ये पंखा! हवामान बदलतंय म्हणतात ते हेच असेल.

आपल्या ऑफिसच्या लाय ड्रायव्हरने फोटो टाकलाय. हायफोंगला. तुम्ही दोघं बसून भातात मासा कालवताय, आणि मागे फळीवर सीटा लावल्यात, नव्या कोऱ्या. लायला मी शेवया खाऊ घालून वाढवला, तो मेला माझ्यापासून काही लपवेल का? त्याला फोन लावला, तर पहिल्यांदा म्हणाला, "मावशी, तुमची रिंगटोन भारी आहे." मग सगळं ओकला. व्हिएतनाममध्ये नवी कंपनी. तेच नाव. माल बनवायचा तिकडे, विकायचा इकडे. तुझ्या आईचा पाय धडधाकट आहे, ती मागच्या महिन्यात सायकलवरून कुठल्यातरी बेटाला फिरून आली. आईच्या पायावर खोटं बोलतोस? आमच्याकडे असल्या माणसाला तोंडावर सांगतात, तुझाच मोडेल.

आणि मला हळू गाडीने जायला सांगतोस! अरे, गाडीचं दुःख कोणाला आहे? मी लाकडी बाकावर बसून आयुष्यभर फिरलेय, कोंबड्यांबरोबर. प्रश्न खुर्चीचा आहे. लेक दोन्ही हातांनी चहा पुढे करेल आणि समोर कोण असेल? फोन? फोन चहा पिणार आहे का?

मी पुन्हा कोर्टात गेले. तिथे एक पोरगी आहे, चष्मेवाली, वनथिंगच्या वयाची. मी तिच्या टेबलासमोर डबा उघडून बसले, म्हटलं आता जेवण इथेच, रात्रही इथेच. ती बिचारी हसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही इतक्या घाबरता का? बंदी तुमच्यावर आहे, कारण कायद्याने कंपनी म्हणजे तुम्हीच. मग जिथे मार खाताय तिथे हुकूमही सोडा की. कंपनीच्या वतीने तुम्ही सही केली की ती कंपनीची सही."

मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, आणि शिक्का? ती म्हणाली, "शिक्का कुठे आहे?" मी म्हटलं, सुक्या मशरूममध्ये, परदेशात, नक्की कुठल्या देशात ते देवाला ठाऊक. ती म्हणाली, "म्हणजे हरवलाच की."

मग मी पोलिसांत जाऊन शिक्का हरवल्याची वर्दी दिली. खोटं काही बोलले नाही. कुठे आहे ते मला खरंच माहीत नाही. पोलीस म्हणाला, "तुम्ही प्रतिनिधी?" मी कार्ड काढलं, तुझ्याच केकच्या दिवशी छापलेलं. त्याने माझे हात बघितले, कार्ड बघितलं, पुन्हा हात बघितले. म्हणाला, "कसली कंपनी?" मी म्हटलं, ज्यावर तुम्ही रोज सकाळी बसता त्याची. पेपरात जाहिरात द्यावी लागली, दिली. नवा शिक्का येत्या आठवड्यात कोरून मिळेल. लाल शाईचा, गोल, मधोमध चांदणी. जुना आता तू लोणच्यात घातलास तरी चालेल.

एवढंच कळवायचं होतं.

फांग आयज्यू
म्हणजे कंपनी

*

१९ एप्रिल २०१९

फांग मावशी,

कृपया कशावरही सही करू नका. कशावरही.

तुम्हाला कल्पना नाही, हे प्रकरण किती गुंतागुंतीचं आहे. कंपनीचं नुकसान झालं तर कंपनी तुमच्यावरच दावा करू शकते. मी धमकी देत नाही, काळजीपोटी सांगतोय. मी स्वतः आलो असतो, पण वकील म्हणतो की आत शिरू देतील, बाहेर पडू देणार नाहीत. नवी कंपनी आत्ताच उभी राहतेय, तिथे साठ माणसं कामाला आहेत.

हुंगला कुठलाही कागद देऊ नका. विशेषतः आमच्या नावाबद्दल. फरहागन हे माझ्या आजोबांचं नाव आहे. त्यांनी सुताराच्या दुकानापासून सुरुवात केली. तुमच्या देशात त्या नावाची नोंद श्यामेनच्या कंपनीच्याच मालकीची आहे. ते गेलं तर मला तिकडे एक झाकणसुद्धा विकता येणार नाही.

मी मार्ग काढतोय. मला थोडा वेळ द्या. चौदा वर्षांची ओळख आहे आपली.

योस्ट

*

थुंगआन
२७ एप्रिल

योस्ट,

चौदा वर्षं "मावशी, इथे नुसतं नाव लिहा," आणि आता "कशावरही नाव लिहू नका." तुझं तूच ठरव, माझं नाव नुसतं आहे की चालतं.

कंपनी माझ्यावर दावा करेल म्हणतोस. करू दे. कंपनीच्या वतीने दाव्यावर सही कोण करणार? मीच. मग मी मला नोटीस पाठवेन, मला चहा पाजेन, आणि मिटवून टाकेन.

नावाचं खरं सांगायचं तर, ते मला सुचलं नव्हतं. तुझं पत्र आलं आणि तू स्वतःच दाखवून दिलंस की दुखतं कुठे. तरीही मी हुंगला काही बोलले नाही. पण तो म्हातारा बिलंदर आहे, त्याने आधीच चौकशी केली होती. परवा आला, नव्या शिक्क्याकडे बघून हात चोळत म्हणाला, "फांग ताई, सीटा मी माझ्या माणसांकडून काढतो, ट्रक माझे. गोडाऊन मिळालं म्हणून कोर्टात त्याच दिवशी लिहून देतो. बदल्यात सीटांचे साचे आणि ते फरहागन नाव मला द्या." मी विचारलं, तुम्हाला नाव कशाला? तुम्ही तर मेलेल्यांचे व्यापारी. तर म्हणतो, "लोक बापाला बंगला जाळतात, मोटार जाळतात, पण बंगल्यात कमोड कोणीच जाळत नाही. म्हातारा तिकडे जाऊन काय खड्डा खणणार? परदेशी नावाचा कागदी कमोड काढतो. झाकणासकट."

मला हसू आलं, मग लाज वाटली, मग परत हसू आलं. तुझ्या आजोबांशी माझं वैर नाही. सुतार माणूस, मेहनतीचा असणार. त्यांचं नाव लोकांनी स्मशानात जाळावं असं मला वाटत नाही. पण माझ्या नावाचं काय केलंस, ते तूही बघ. ते तर रोज फोनमधून बोंबलतंय.

परवा वनथिंगचा फोन आला. रडत होती. आजवर ती माझ्यासमोर कधी रडली नाही, बाप गेला तेव्हासुद्धा माझ्या पाठीमागे जाऊन रडली. म्हणाली, "आई, मी त्यांना सांगते, लग्न नको. तू नसलीस तर चहा कोणाला देऊ?" मी तिला झापलं. म्हटलं, गप बस, मुलगा चांगला आहे, सासू वाईट आहे म्हणून चांगला मुलगा फुकट घालवतात का? मग फोन ठेवला. चूल थंड पडली. ऑफिसच नाही, त्यामुळे जेवायला कोणी यायचं नव्हतंच.

तर ऐक. तुला दोन वाटा आहेत. पहिली, तू तुझ्या सहीचा कागद पाठव: सीटा काढायला तुझी हरकत नाही, ट्रकांचं तू बघशील, आणि बंदी उठली की कायदेशीर प्रतिनिधी म्हणून माझं नाव काढून तुझं स्वतःचं घालशील. लायचं नाही, दुसऱ्या कुठल्या मावशीचं नाही, तुझं. पोलंडवाल्याला विसर, तो आईच्या पायाइतकाच खरा आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मग हुंगला मी दारातूनच परत पाठवते, तुझ्या आजोबांचं नाव तुझ्या घरात राहील.

भीती वाटते की आलास तर अडवतील? मग अडवू दे. इथे राहा. खोली आहे, भात आहे. मी इतके दिवस अडकलेय, मेले का?

दुसरी वाट म्हणजे तू काहीच करायचं नाहीस. मग मी हुंगच्या कागदावर सही करते, चांदणीवाला शिक्का ठोकते, आणि चांगशाला जाते. मनाला लागेल. तरी जाईन.

कोर्टाची ती चष्मेवाली पोरगी म्हणते, बंदी उठायला आठवडा तरी लागतो. म्हणून हुंगला मी सोमवारी, सहा मेला बोलावलंय, दुपारी चारला. त्याच्या आधी तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे. एजंटाकडून पाठव, लायच्या फोनवरून पाठव, कबुतराच्या पायाला बांधून पाठव. लांबड लावू नकोस. हो किंवा नाही.

आणि चारपर्यंत काहीच आलं नाही, तर "मावशी, खुशाल सही करा" असंच तू लिहिलंस, असं मी धरून चालेन.

फांग आयज्यू